बाद्रीची कुंडी

कुताइसीत, पाचव्या मजल्यावर,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाद्रीनं
तेलाच्या डब्यात तारखुनाचं रोप लावलं.
सकाळी सातला पाणी. संध्याकाळी सातला पाणी.
मिनिटाचा फरक नाही.

नवव्या दिवशी पानं पिवळी.
भिंग लावून पाहिलं,
कुठला दात झिजला, कुठली स्प्रिंग अडली.

शेजारच्या लामारानं मातीत बोट खुपसलं,
वास घेतला नि हसलीच.
"अरे, बुडवलंस की त्याला!
डब्याला भोक तरी पाडलंस का?"

खिळा, हातोडी.
खालच्यांच्या वाळत्या चादरीवर
तांबडं पाणी ठिबकत राहिलं
दुपारभर.

आता तो नुसतं बोट घालून बघतो.
कधी चार दिवस काहीच करत नाही.
ते फार अवघड जातं त्याला.

काल कडेनं एक कोंब आला,
वाकडा,
सात वाजून किती मिनिटांनी, कोण जाणे.