पाणी मागं गेल्यावर

सिंदफणेवरच्या धरणाचं पाणी
दीड कोस मागं सरकलं त्या उन्हाळ्यात.
काठ होता तिथं भेगा,
भेगांच्या पुढं काळा गाळ,
चालणाऱ्याचे गुडघे मागून घेणारा.

किसनदेव भोई माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आला
एक्सेल ढकलत ढकलत.
म्हणाला, मुजीबभाई, हिला गाळात चालायला शिकव.

गाडी अठरा वर्षांची.
हॉर्न नाही, मडगार्ड म्हणजे नुसती दोन भोकं.
पण इंजिन एका लाथेत बोललं,
तेव्हा म्हटलं, ठेव.

ट्रॅक्टरच्या भंगार टायरच्या पट्ट्या कापल्या,
वीत वीत सोडून आडव्या लावल्या मागच्या चाकाला,
तारेनं आवळल्या,
बैलाला पत्री ठोकताना धरतो तसा दम धरून.
डाव्या अंगाला हातगाडीचं एक जादा चाक
दीड इंची अँगलवर.
उभी राहिली तर
लंगडा माणूस काठी टेकून उभा राहावा तशी.

मग खोका.
थर्माकोलचा, औषधाच्या दुकानातून आणलेला,
झाकणावर अजून छापलेलं : उन्हात ठेवू नये.
बाहेरून पत्रा, मधल्या फटीत लाकडाचा भुसा,
तळाला भोक, भोकाला सलाईनची नळी.
वितळलेल्या पाण्यात मासा पडला
की दुपारी डोळे पांढरे होतात त्याचे,
आणि गिऱ्हाईक आधी डोळेच बघतं,
हे मला त्यानं सांगितलं.

जाळं हँडलला.
बसून तरंगायची ट्यूब हवा सोडून गुंडाळलेली,
पंप दांडीला, काटा सीटखाली.
यमुनाबाई इतका वेळ गप्प उभी होती.
म्हणाली, आन् मी कुठं बसू?
आम्ही दोघंही गाडीकडं बघत राहिलो.

पहिल्या दिवशी पंधरा किलो बर्फ घेऊन गेला,
पाण्यापाशी पोचला तेव्हा सहा.
खोका मी बरोबर सायलेन्सरच्या डोक्यावर बसवला होता.
वीस वर्षं हातात होल्डर धरतोय.
काही बोलला नाही तो.
बोलला असता तर बरं झालं असतं.

पाईप बाहेर वळवला, मध्ये पत्रा आडवा मारला,
पैसे घेतले नाहीत,
आणि दुसऱ्या पहाटे स्वतःच गेलो बघायला.

अंधार होता. गाळाला कुजक्या शेवाळाचा वास.
पट्ट्या चपक चपक वाजत होत्या,
गाडी रुतायची, विचार करायची, निघायची.
मी मागून चपला हातात घेऊन.
पुढं जोती लागली,
ओळीनं, कमरेएवढी,
त्यांच्यावर शिंपल्यांचे थर.
एका उंबऱ्याच्या दगडावर बगळा.
किसनदेवनं वेग कमी केला.
तशी काही गरज नव्हती, जमीन तिथं घट्ट होती.
डावीकडं वळताना
त्यानं तोंडानंच आवाज काढला : पों, पों.

मी विचारलं नाही.
पाण्यापाशी पोचून खोका उघडला,
बर्फ तेरा किलो भरला.

परत येताना चार कटले, एक मरळ, बाकी चिलापी,
आणि नळीतून थेंब थेंब.
सडकेवर ओली रेघ उमटत गेली आमच्या मागं,
दोन कुत्री ती हुंगत नाक्यापर्यंत आली.
नऊ वाजता मी दुकान उघडलं
तेव्हा रेघ सुकली होती.

परवा पुन्हा आला.
माझे राहिलेले तीनशे नाही आणले,
मरळ आणली, गोणपाटात, बर्फासकट.
माझ्या धाकट्या पोरीनं बर्फ गालाला लावला
आणि माशाकडं बघितलंसुद्धा नाही.

म्हणाला, मुजीबभाई, हॉर्न बसव एखादा.
जुना चालंल.

म्हटलं, तिथं गाळात कोण आडवं येणारंय तुला?

नळीचं टोक चिमटीत धरून
तो थेंब थांबवत होता, सोडत होता.
म्हणाला,
वळण हाय की.