पिठाच्या डब्यातलं पत्र

जूनमध्ये इथे, चिलोए बेटावर,
चार वाजताच दिवे लावावे लागतात.
वर्गातल्या शेगडीभोवती ओले मोजे टांगलेले,
लोकरीचा, धुराचा, कुणाच्या तरी डब्यातल्या उकडलेल्या बटाट्याचा वास,
आणि फळ्यावर माझ्या तिरक्या अक्षरात एकच प्रश्न:
दामियानने ते पत्र का दिलं नाही?

गोष्ट तशी साधी. खाडीकाठच्या गावचा टपालवाला.
दक्षिणेला मेंढ्या कातरायला गेलेल्या एका नवऱ्याचं
बायकोला आलेलं पत्र
हा आपल्या पिठाच्या डब्यात ठेवतो. अकरा वर्षं.
रोज त्याच डब्यातून पीठ काढतो,
रोज त्याच पिठाचा पाव खातो.
कारण गोष्टीत कुठेच दिलेलं नाही.

"तो वाईट आहे, बाई," पहिल्या बाकावरून नेल्सन.
'वाईट' मी फळ्यावर लिहिते आणि पुसते.
ओल्या फडक्याने पुसलं की थोडा वेळ
शब्दाच्या जागी जास्तच काळा चौकोन दिसतो.
वाईट हे कारण नव्हे, पोरांनो, ती वरून चिकटवलेली चिठ्ठी.
बरणीवर मुरांबा लिहिलंय,
फळ कुठलं ते झाकण उघडल्याशिवाय कळेल का?

"त्याचं तिच्यावर प्रेम होतं," मिलाराय म्हणते
आणि कानांपर्यंत लाल होते.
असेल. कुठल्या ओळीत?
ती पानं उलटते, बोट थुंकीने ओलं करत, तिच्या आजीसारखं.
"तिचं नाव निघालं की तो टोपी नीट करतो."
टोपी! शाब्बास. याला म्हणायचं पुरावा.
"टोपी तर तो पाद्र्यासमोरही नीट करतो,"
मागच्या बाकावरून आवाज.
वर्ग हसतो. मीही.

मी शिकवते ते एवढंच:
माणूस बोलतो काय, करतो काय,
आणि दोहोंमधल्या फटीत पाणी कुठे मुरतंय ते बघा.
या बेटावर ते फार समजावावं लागत नाही.
इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे,
छत गळतं एकीकडे
आणि डाग उठतो भलतीकडेच.

घंटा झाली. कुस्तोदियो मागे राहिला.
वर्षभर तोंड न उघडणारा मुलगा,
आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
"बाई, त्याला लपवायचं नव्हतंच."
मग?
"पहिल्या दिवशी पाऊस होता. म्हणाला, उद्या देईन.
दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला.
आठवडा गेल्यावर, पत्र देणं सोपं होतं, बाई.
आठवडा कुठे गेला, ते सांगणं अवघड."

माझ्या टाचणवहीत या प्रश्नाचं उत्तर आहे:
मत्सर, भीती. चार गुण.
सव्वीस वर्षं मी हीच गोष्ट शिकवते.

मग त्याने दप्तराच्या तळातून एक कागद काढला.
चार घड्या, कोपरे झिजलेले, आत पेन्सिलीचा भुसा.
माझंच अक्षर. मार्च महिना.
'कृपया शाळेत येऊन भेटावे.'
आईसाठी होती.
कशासाठी बोलावलं होतं, मलाच आठवेना.

का रे, हा शब्द जिभेवर आलेला.
मी शेगडीत एक ओंडका सरकवला.
ठिणग्या उडाल्या, निवल्या.
"त्या दिवशी पाऊस होता का?"

"नाही," तो म्हणाला,
"ऊन होतं. आई सुट्टीवर होती,
अंगणात केस वाळवत बसलेली.
चांगलं ऊन होतं, बाई. म्हणून तर."

मोजे पुरते वाळले नव्हते. तसेच चढवून तो गेला.
टाचणवहीतली ओळ मी खोडली नाही.
तिच्यापुढे, जागा होती तेवढ्यात,
बारीक अक्षरात लिहिलं: ऊन.