दोनशे तास

मी पेडण्याचा. पोस्टिंग चांदरला. वीज खात्यात लाइनमन.
बेर्नाबेबाबांनी बोलावलं ते फ्यूज गेला म्हणून नव्हे.
लाकडी पेटीतून त्यांनी वायर काढली,
काळी, धामणीएवढी जाड, दीड मीटर.
किंमत सांगताना आवाज खाली घेतला,
आत प्रिश्का बांगडे कापत होती.

"ही आधी तापवावी लागते," म्हणाले,
"दोनशे तास नुसता करंट जाऊ द्यायचा.
मग मोकळी होते. मग वाजते."
मी म्हटलं, बरं.
बत्तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस,
त्याला करंट मी काय शिकवणार?

वायर फ्रिजला लावली.
आठ दिवस, वर आठ तास
दूध, बांगडे, अर्धं कापलेलं कलिंगड
चाळीस हजारांच्या विजेवर गार होत राहिलं.
चर्चच्या कॅलेंडरवर ते पेन्सिलीनं तास खोडत.

खांबावरून वेगळं दिसतं.
ट्रान्सफॉर्मरपासून त्यांच्या घरापर्यंत तीनशे मीटर अॅल्युमिनियम,
वळणावर एक जोड,
माझ्याच हातचा, घाईत पिळलेला.
त्यावर कावळे बसतात.
तिथून धडपडत आलेली वीज
शेवटच्या दीड मीटरात कुठले संस्कार घेणार?
हे मी बोललो नाही. चहा घेतला.

नवव्या दिवशी त्यांनी टेप लावली.
वडिलांचं व्हायोलिन, चौसष्ट सालचं.
"ऐक. आता. गज वळतो ना, तिथं
खुर्ची करकरली. ऐकलीस?
ही खुर्ची आधी नव्हती."

आणि मी ऐकली.
खोटं कशाला बोलू?
वेताची होती. कुणी बसल्या जागी वजन सावरावं
तेवढीच.
बेर्नाबेबाबांनी चष्मा काढून उगाच पुसला.

गेटपर्यंत प्रिश्का आली, पिशवीत बिमलां घेऊन.
"दुसऱ्याच दिवशी काढलेली मी ती वायर.
फ्रिजमागे उंदीर फिरतो,
एवढ्या पैशांची वस्तू, कुरतडली तर?
तांदळाच्या डब्यात होती. काल रात्री परत लावली.
सांगू नकोस हं."

मग खुर्ची कुठून आली?
तापलं काय, त्यांचा कान?
आणि माझा कधी तापला,
त्यांच्या वर उचललेल्या बोटाकडे बघता बघता?

मंगळवारी कावळे हाकलून मी खांबावर चढलो.
वर्क ऑर्डर नव्हती.
जोड सोडवला, तारा घासून चकचकीत केल्या,
नवा कनेक्टर घालून आवळला.
वीस मिनिटं वाड्यावरचे पंखे बंद.
खालून कुणीतरी माझ्या आईची आठवण काढली.

पुढच्या आठवड्यात बेर्नाबेबाबा मासळी बाजारात भेटले.
मी काही विचारलं नाही.
व्हायोलिनचं तेही बोलले नाहीत.
माणकुल्यांचा भाव करता करता एवढंच म्हणाले,
फ्रिज हल्ली
घुरघुरत नाही रे.