पडदा सापडला नाही

काल रात्री साडेआठला त्यानं विचारलं होतं,
नवीन आवृत्ती आली आहे, घेऊ का?
हो म्हटलं.
चहा आला होता, आणि नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

आज पावणेसातला उद्यमनगरात शटर वर केलं,
बटण दाबलं, पंखा घुमला,
कंपनीचं चिन्ह येऊन गेलं
आणि मग काळं.
डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ.
लुकलुक. एवढंच.

साडेनऊला शिरोलीहून टेम्पो येणार.
पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग या काळ्याच्या आत कुठंतरी,
सतरावी सुधारणा, फ्लँजची जाडी वाढवलेली.
मगदूमसाहेबांचा फोन दोनदा वाजला.
वाजू दिला.

कंट्रोल, ऑल्ट, एफ थ्री.
नवख्यानं पेटीवर सूर धरावा तशी तीन बोटं ताणून.
काळ्यातून पांढरी अक्षरं आली: नाव?
कुमुद.
पासवर्ड लिहिताना इथं ठिपकासुद्धा उमटत नाही,
लाइट गेल्यावर जिना चढतो,
पायरी आहे असं धरून,
तसं लिहीत जायचं.
आत आले.

आणि सगळं होतं.
फायलींची नावं एकाखाली एक,
गेल्या दिवाळीच्या बोनसची यादी,
सतरावी सुधारणा, काल आठ वाजून बारा मिनिटं.
तोंड तेवढं नव्हतं दाखवायला,
बाकी संसार जागच्या जागी.

मग मशीनची नोंदवही काढली.
दोनेक हजार ओळी. शेवटाकडून वाचत आले
आणि तिथं, पडद्यावर, स्वच्छ लिहिलेलं:
पडदा सापडला नाही.

एकटीच हसले.

दस्तगीरचाचांनी सायकल भिंतीला टेकवली.
पॅटर्नशॉपमध्ये चाळीस वर्षं, हाताला सागाचा भुसा आणि सरस,
कंप्युटरला अजून 'तुझा टीव्ही' म्हणतात.
"काय झालं गं?"
आतला गाभा नवा आला, म्हटलं,
आणि चित्र दाखवणारा ड्रायव्हर जुन्या गाभ्याच्या मापाचा राहिला.
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत खोवली.
"म्हंजे कोअर नवी, आन् प्रिंट जुनी.
बसायचं कुठं तिनं?"

बारा वर्षं मी हे मशीन चालवते.
एवढ्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

"जुनी कोअर मोडलीस का?"
नाही. असते ठेवलेली.
"मग आज तिच्यावर भागीव की.
नवीला प्रिंट सवडीनं कर. घाईत कानस मारलीस
तर माप जातंय, आन् गेलेलं माप
काय परत येत न्हाई बग."

बंद केलं. चालू करताना शिफ्ट दाबून धरली.
यादी आली: नवा गाभा, त्याखाली जुना,
त्याच्याही खाली एक, मार्चमधला,
मी विसरूनच गेलेला.
बाणानं एक पायरी उतरले.
एंटर.

आला.
आयकॉन भाकरीएवढे,
मागे कुठल्यातरी परक्या देशाचा निळा डोंगर.
माझा रंकाळ्यावरचा फोटो होता तिथं,
एका कडेला कुणाचातरी अंगठा आलेला,
तो गेला. शोधायला वेळ नव्हता.
प्लॉटर घरघरला, कागद सरकत बाहेर आला,
चाचांनी तो दारात उजेडाला धरला
आणि आपली आटीची पट्टी लावली,
जिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्याहून अंमळ मोठा असतो,
कारण ओतलेलं निवताना आकसतं.
बराच वेळ बघत राहिले.
"बरोबर हाय."

टेम्पो अर्धा तास उशिरा आला.
ड्रायव्हरनं उसाचे दोन ट्रॅक्टर आडवे आल्याचं सांगितलं,
मगदूमसाहेबांना मीही काहीतरी सांगितलं.

दुपारी उजव्या कोपऱ्यात चौकोन उगवला:
काही सुधारणा बाकी आहेत. आत्ता, की नंतर?
चहा आला होता.
आधी चहा प्यायले.