दोन चाळीस

माझी ड्युटी बारा ते सहा,
वाशीला, स्टेशनावरच्या काचेच्या इमारतीत.
एसी असा की ऐन मे महिन्यात खुर्चीवर शाल.
गाणी मी निवडत नाही.
यादी वरून येते.
अ गट दर दोन तासांनी, ब गट दिवसातून चारदा,
आणि क म्हणजे नुसतं भरायला,
आजोबा मिठागराच्या बांधाला
भरतीआधी चिखल लिंपायचे, तसं.

ओबिन्ना आमच्याकडे तळमजल्यावर राहायचा,
घणसोली गावात, तळ्यामागे.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर अण्णांनी चार मजले चढवले,
त्यातली ही सर्वांत ओली खोली.
भाडं नऊ हजार, लाइटबिल वेगळं.
शर्टांचे गठ्ठे बांधून लेगॉसला पाठवायचा.
जिन्यात भेटला की तेच:
"सिस्टर, आमचं गाणं कधी लावणार?"
यादीत नाही, मी म्हणायचे.
"यादी कोण करतं?"
ते मलाही आजवर कुणी सांगितलेलं नाही.

एकदा त्यानं पेनड्राइव्ह दिला,
ग्लुकोज बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात गुंडाळून.
त्याच आठवड्यात एका साबणाची जाहिरात रद्द झाली.
रात्रीचे दोन चाळीस.
तीन मिनिटं दहा सेकंद मोकळे.
मी सोडलं.

ताल पायरी चुकवून उतरत होता
आणि पडत नव्हता.
मीटरचे हिरवे खांब लाल होऊन परत येत होते.
माझे हात गार.
फोन आले सात.
ऐरोलीचा एक रिक्षावाला, तळोज्याच्या कारखान्यातले दोघे,
एक बाई कुजबुजत म्हणाली,
काय म्हणतो ते कळत नाही,
पण पुन्हा लावाल का, बाळ झोपलंय.
मेमो आला एक.
तो मी जपून ठेवलाय.

दीड वर्षानं तेच गाणं वरून आलं.
अ गटात.
आधी आठवा नंबर, मग तिसरा,
मग पाच आठवडे पहिला.
मधल्या काळात कुठल्याशा नटीनं त्यावर तीस सेकंद कंबर हलवली होती,
जमैकाच्या कुणी मधोमध आपलं कडवं घुसवलं होतं,
आणि आमच्या सकाळच्या आरजेबाई
गायकाचं नाव रोज नव्यानं चुकवून खिदळत होत्या.
हरेशच्या बेंजो पार्टीनं ते हळदीत उचललं:
कीबोर्ड, खुळखुळा, दोन ढोलक्या.
पिवळ्या हातांच्या बायका अंगणभर.
बायजीआत्या नाचता नाचता थांबली,
"आयो, यो त आपलाच ताल हाय गो!
याला कोन घेऊन गेलता?"

ओबिन्ना तोवर गेलेला.
देवळात गावकीची बैठक झाली होती,
परदेशी भाडेकरू नकोत म्हणून.
हात वर करणाऱ्यांत अण्णा दुसरे.
पहिलं कोण, मी विचारलं नाही.
करार अकरा महिन्यांचा,
खोली सातव्यात रिकामी.
डिपॉझिट परत दिलं, रंगाचे दोन हजार कापून.
मी ड्युटीवरून येत होते, साडेसहा वाजले असतील.
टेम्पोत गठ्ठे, गठ्ठ्यांवर गादी,
गादीवर आडवा टेबलफॅन.
सिस्टर म्हणाला नाही.
हात हलवला,
की दोरी ताणत होता, नक्की सांगता येत नाही.

आता दर दोन तासांनी वाजतं.
मला बटणसुद्धा दाबावं लागत नाही.
तळमजल्यावर सलून आलंय, तिथंही रेडिओ.
ओट्यावर पेपर वाचताना अण्णांचा गुडघा हलतो:
तीन, तीन, दोन.
मी चहा ठेवते आणि आत येते.

पेनड्राइव्हमध्ये अजून अकरा गाणी आहेत.
क गटातसुद्धा नाहीत.
परवा पुन्हा एक जाहिरात आली नाही.
खाली खाडीपुलावर दिव्यांची ओळ, गाड्या तुरळक.
मी पाचवं लावलं.
फोन एकही आला नाही.
मी फोनजवळ बसून होते,
सहापर्यंत.