पाचवं अक्षर

हजेरी घेताना म्हणाले, "बिदाज बुल्ला."
कोणी उठलं नाही.
मिनाज मुल्लाला मग उशिरा उमगलं,
खुदकन हसली,
आणि तिच्यामागून सगळी बालवाडी.

फळ्यावर न नळाचा काढला.
मी म्हणाले, द दळाचा.
पोरं तेच म्हणाली, जीव तोडून.
म मक्याचा काढला,
तर खिडकीबाहेर ऐकू गेला ब बक्याचा.

प्रत्येक वर्गातला पाचवा गैरहजर.
ङ आणि ञ तर एरवीही येत नाहीत,
पण ण, न, म?
ही तर रोजची पोरं.

नऊ दिवस भुवयांमागे कोणी सिमेंट कालवतंय.
गोवंडीत ही उपमा नव्हे;
शाळेमागेच काँक्रीटचा कारखाना आहे,
गजांवर रोज नवी भुकटी.
वाकून खडू उचलला की वरचे दात ठणकतात,
एकही किडलेला नसताना.
देवनारचा धूर कळत नाही,
एवढाच काय तो नफा.

मिनाजची आई ओव्याची पुरचुंडी ठेवून गेली,
तव्यावर शेकलेली, ओढणीच्या चिंधीत, अजून ऊन.
शाळेतल्या शेवंताबाईंनी सहाणेवर
सुंठ आणि वेखंड उगाळून कपाळावर थापलं.
आरशात पाहिलं, कोणी भगतीण.
मुख्याध्यापक म्हणाले, विश्रांती घ्या.
हा उपाय सगळ्यांत जुना,
फक्त त्याचा अर्ज मंजूर होत नाही.

रात्री मामाला फोन लावला.
तीस वर्षं वॉर्डबॉय, नाक-कान-घशाच्या वॉर्डात.
डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं,
असं त्याला वाटतं.

वडील गेले तेव्हा मी म मक्याचा शिकत होते.
गेले म्हणजे वारले नाहीत. गेले.
तेव्हापासून वह्या, फी, तापातला कपाळावरचा हात,
सगळा मामाच.
तो एक शब्द मात्र आमच्याकडे
माळ्यावरच्या पिंपासारखा राहिला,
कधी खाली काढायची वेळ आली नाही.

त्यानं फोन उचलला.
मी म्हणाले, "बाबा."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.
मी घाईनं सावरायला गेले,
"बाबा, बी बोलतेय, बी, याबिदी."
नाक ऐकेना.

तो खाकरला. मग वॉर्डातल्या आवाजात:
"वाफ घे. पातेलं टेबलावर ठेव, मांडीवर नको, भाजशील.
नाक धुणार असशील तर नळाचं पाणी नको,
उकळ, कोमट होऊ दे,
कपाला पाव चमचा मीठ, जास्त नाही.
उशाला दोन उशा.
डोळा सुजला, ताप चढला
तर कोणाला विचारत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल."
आणि जरा थांबून,
"कितवा दिवस?"
"दऊ."
"मग उद्या दहावा. दाखवायलाच हवं.
येतो मी."

टॉवेलखाली अंधार, निलगिरीचे दोन थेंब,
डोळ्यांतून पाणी. वाफेचं, म्हणू.
बऱ्याच वेळानं डाव्या बाजूला काहीतरी सरकलं,
गंजलेली कडी सरकावी तसं.
आधी आला टॉवेलचाच कुबट वास,
त्याच्यामागून, फार दिवसांनी भेटल्यासारखा, देवनार.

मी पुटपुटले, न.
हजर.
ण.
हजर.
ओठ मिटून उघडले, म.
हजर, बाई.

फोन पातेल्याशेजारीच होता.
आता मामा म्हणता आलं असतं, स्वच्छ.
पण वाफेचा गुण तासाभराचा,
तोच नेहमी सांगतो.

घड्याळात पावणेदहा झाले होते.
पाणी निवेपर्यंत
टॉवेल तसाच डोक्यावर ठेवला.