तंबाखूचं पाणी

एप्रिलात दवाखान्याच्या फरशीलासुद्धा ताप असतो.
व्यंकव्वा चिलवेरी आली तेव्हा
समोरच्या गल्लीतले माग जेवायला थांबले होते,
म्हणून तिच्या चपला ऐकू आल्या.
टॉवेलात गुंडाळलेली कुत्री,
टॉवेल कोरा, दशासुद्धा न कापलेला.

नाव काय? मी वही उघडली.
माझं का हिचं?
हिचं.
कांडी. मागाखाली जन्मली.

हत्तुरे डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्या बघितल्या:
चुना.
ताप एकशे पाच.
कानाच्या घडीत गोचीड, एरंडीच्या बियांसारखे टरटरलेले,
बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली.
मी चिमट्यानं धरून सरळ वर ओढत होतो,
न पिळता,
आणि स्पिरिटात सोडत होतो.
मी मोजत नव्हतो. ती मोजत होती.
दर पंचविसाला तिचे ओठ थांबायचे,
बिड्यांची एक जुडी बांधून झाल्यासारखे.

गोचीडतापच, डॉक्टर म्हणाले, काच बघूच.
पण ही लाळ कसली?
पाय का थरथरतायत असे?
काय लावलं अंगाला?

बराच वेळ काही नाही. मग:
तंबाखूचं पाणी.
रात्रभर भिजवलेलं.
आमच्यात लावतात. किडे मरतात.

कुत्रंही मरतं, अम्मा.
रागावून नाही, थर्मामीटर पुसता पुसता.

कोमट पाणी, साबण. तीनदा धुतली.
घमेल्यात पाणी चहासारखं.
शीर सापडेना, मग सापडली,
सलाईन चालू झालं.
ती कांडीच्या कानाशी वाकून म्हणत राहिली,
ले, तल्ली, ले.

चाटायलाच पाहिजे असं नाही, डॉक्टर सांगत होते,
कातडीतून आत जातं ते.
नुसतं लागलं तरी पुरे.

नुसतं लागलं तरी?

सूप मांडीवर घेऊन पस्तीस वर्षं.
रोज हजार.
ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती,
नखांच्या कडा शेवाळी, तळवे तांबूस.
डॉक्टर घड्याळ धरून थेंब मोजत होते.
ऐकलं असेल, नसेल.
मी नळ सोडला, साबण सरकवला.
तिनं कोपरापर्यंत हात धुतले,
वास घेतला,
परत धुतले.

गोळी रोज एक, अठ्ठावीस दिवस,
उपाशीपोटी नाही, भाकरीच्या काल्यात.
बरी दिसली तरी थांबवायची नाही.
मी कागदावर लिहायला लागलो तर म्हणाली,
कागद नको.
कमरेच्या पिशवीतून बिडीचा दोरा काढला
आणि तिथंच बाकावर बसून गाठी मारल्या,
मधे एकदा चुकली, सोडवून पहिल्यापासून.

जाताना दिलेल्या नोटांना तोच वास.

बाराव्या दिवशी कांडी चालत आली,
पायरीवर अडली, पण चढली.
हिरड्यांवर जरासा गुलाबी रंग,
गळ्यात दोरा,
दोऱ्यात सोळा गाठी.
व्यंकव्वा बाहेरच उभी.
पदराखाली तयार बिड्यांची पाटी,
कारखान्यात टाकायला निघालेली.
आत कशाला, म्हणाली,
मला वास येतो.